चमकी कागदातली वडी

बायकोच्या हातचा पदार्थ खाल्ल्यावर माणसाने मान डोलवावी आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावावा. तोंड पाण्यात गुंतलं की त्यातून नको ते शब्द बाहेर पडत नाहीत. रत्नपालला ही गोष्ट लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळायला हवी होती. पण तो पडला सरकारी कारकून, त्याला कुठलीही गोष्ट वेळेवर कळल्याचं कळमनुरीत कुणाच्या ऐकिवात नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी सपनाने साच्यातून काढलेलं पहिलं चॉकलेट त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते चघळलं, डोळे मिटले, आणि पेल्याकडे हात नेण्याऐवजी म्हणाला, "चांगलं झालंय. पण..."

सपनाने साचा खाली ठेवला. "पण आमच्या लहानपणीच्या बारची मजा न्हाई. असंच ना?"

"मी तसं म्हणलो का?"

"म्हणा. एकदाचं म्हणून मोकळे व्हा."

मग तो मोकळा झाला. तो बार म्हणजे रत्नपालच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद होता (साखरपुड्यात सपनाने पेढा भरवला तेव्हाही त्याने हे तिला सांगितलं होतं, आणि ती ते विसरलेली नव्हती). त्याचे वडील रामजी हट्टा गावी जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. संध्याकाळी ते सायकल भिंतीला टेकवायचे, पिशवीत हात घालायचे आणि चमकी कागदात गुंडाळलेला एक तुकडा लेकाच्या हातात ठेवायचे. तपकिरी, खरखरीत आणि असा टणक की आधी दगडाने फोडायचा आणि मग दाढेखाली धरायचा. आधी गोड लागायचा, मग खारट, आणि शेवटी किंचित कडसर. आणि कागदावर चित्र होतं गाईचं.

गाईच्या चित्रावरून रत्नपालने पुढे मोठेपणी असा शोध लावला होता की तो बार स्वित्झर्लंडचा असणार. चॉकलेटवर गाय छापणारा देश दुसरा कोणता? कुणी परदेशी पाहुणा मोठ्या डॉक्टरसाहेबांना देत असेल, साहेब शिपायाला देत असतील. "आता शहरात सॉल्टेड कॅरॅमल म्हणून नाचतात ना लोक," तो कचेरीत सांगायचा, "ते मी पाचवीत असताना हट्ट्यात बसून खाल्लंय." कचेरीत कुणाच्या बदलीचे पेढे आले तरी तो हे सांगायचा. पेढे आणणाऱ्याचं तोंड मग पाहण्यासारखं व्हायचं.

सपनाची गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. नांदेडला जाऊन ती चॉकलेटचा क्लास करून आली होती, गल्लीतल्या वाढदिवसांना डबे देत होती, आणि आता पहिल्यांदाच मोठं काम हाती आलं होतं. वारंगा फाट्यावर सोहेलचं नवीन थंड पेयांचं आणि खाऊचं दुकान रविवारी उघडणार होतं. सोहेल तिला म्हणाला होता, "वहिनी, उद्घाटनाला तुमचंच चॉकलेट वाटतो. लोकांना आवडलं तर काचेच्या कपाटातला एक कप्पा कायमचा तुमचा, वर तुमच्या नावाची पाटी. नाही आवडलं तर मग माझा इलाज नाही, कंपनीचा माणूस रोज येऊन बसतोय." त्या दिवसापासून सपनाला ती पाटी झोपेतही दिसत होती. असं स्वतःच्या नावाचं काही तिच्या आयुष्यात अजून कुठे लागलेलं नव्हतं.

रत्नपालचं बायकोवर प्रेम होतं, यात शंका नाही. खरं तर सगळी भानगड त्या प्रेमानेच केली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला वाटलं, हिचं चॉकलेट चांगलं आहे, पण तसं चॉकलेट कुणीही करतं. हिला जर आपला बार करून दिला तर फाट्यावरची माणसं वेडी होतील, आणि पाटी काय, अख्खं कपाट मिळेल. तेव्हा उद्या हिला न सांगता करायचं आणि चकित करून सोडायचं, एवढं ठरवून तो सुखाने झोपला. (चकित करण्याचा भाग पुढे त्याने ठरवल्यापेक्षा चांगला पार पडला.)

शनिवारी सकाळी सपनाने सगळी चॉकलेटं ताटांत रचून फ्रीजमध्ये ठेवली आणि खोकी, रिबिनी आणायला ती बाजारात गेली. जाताना तिने बजावलं, "फ्रीजला हात लावू नका." तो म्हणाला, "मी कशाला लावू?" आणि ती वळणावरून दिसेनाशी झाल्याबरोबर त्याने हट्ट्याला आईला फोन लावला.

"जय भीम माय. ऐक, बाबा ती वडी आणायचे न, चमकी कागदातली? ती घरी कशी करायची?"

हे विचारताना त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. नोकरीतून बाहेर पडल्यावर रामजींनी ती वडी घरीच करायला सुरुवात केली होती, आणि ते गेल्यावर त्याची आई कमलबाई ती साऱ्या हट्ट्याला शिकवत होत्या. दिवसाआड कुणी ना कुणी त्यांना हाच प्रश्न विचारी. त्यामुळे 'कशाला' हे विचारायची त्यांची सवयच मोडली होती.

"लिहून घे," कमलबाई म्हणाल्या. "शेंगदाण्याची पेंड घे, घाण्यावरची ताजी. गूळ घे, गव्हाचा कोंडा घे. खडे मीठ, मेथ्या, ओवा. खायचा चुना बोटाच्या टोकावर येईल तेवढा. गुळाचा पाक कर अन् सारं त्यात कालव. थापून वाळू दे."

"चुना बी?"

"हाडाला बरा असतोय."

"कॅल्शियम!" रत्नपाल आनंदाने म्हणाला. "लोकांना आवडेल का पण?"

"लोकांना काहून न्हाई आवडणार? साऱ्या गावात चालू हाय. पर एक ध्यानात ठेव. नवं नवं आधी तोंड लावत न्हाईत. पहिल्या डावाला आपल्या हातानं चारायचं. पाठीवर हात फिरवायचा, गोड बोलायचं."

"बराबर हाय. पाहुणचाराची रीतच हाय ती."

"अन् एकदम लई देऊ नको, पोट फुगतंय. वरून पाणी पाज, उन्हाचे दिवस हायेत."

"पिंप भरून ठेवतो. माय, उद्या फाट्यावर ये तू. सोहेलच्या दुकानाचं उद्घाटन हाय. तुझ्या हातची रीत सारे खाणार हायेत."

पण तोवर कमलबाईंच्या दारात दूधवाला आला होता. शेवटचं वाक्य त्यांनी अर्धंच ऐकलं आणि 'येते येते' म्हणून फोन ठेवला.

घाण्यावरून पेंड आली, गूळ आला. आता पेंड बारीक करायला मिक्सर हवा, आणि स्वयंपाकघरात चालू असलेला सॉकेट एकच, तोही फ्रीजच्या ताब्यात. फ्रीजला हात लावायचा नव्हता हे रत्नपालला पक्कं आठवत होतं. त्याने फ्रीजला हात लावलाच नाही, फक्त प्लग काढला. मे महिना असा पेटलेला की ओट्यापाशी उभं राहिल्यावर कपाळावरचा घाम मिक्सरच्या भांड्यात पडू पाहत होता. फ्रीजचं दार उघडं ठेवलं की अंगावर गार हवा येते, असा त्याचा जुना अनुभव होता. म्हणून त्याने पायाने दार उघडलं (पाय म्हणजे हात नव्हे) आणि वडी थापून झाल्यावरही ते तसंच राहिलं. मग थापलेल्या ताटाकडे पाहून त्याचं ऊर भरून आलं. तोच रंग, तोच वास होता. चिमूटभर जिभेवर ठेवला तर थेट सायकलची घंटा ऐकू आली. समाधानाने तो पंख्याखाली आडवा झाला.

सपना आली तेव्हा स्वयंपाकघरातून तिची किंकाळी ऐकू आली. किंकाळीनंतर काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यामुळे रत्नपाल जास्त घाबरला. आत जाऊन पाहतो तर फ्रीज सताड उघडा, ताटांत तपकिरी तळी साचलेली, वरचं एक ताट कलंडून त्यातलं चॉकलेट कोथिंबिरीवरून ओघळत भाजीच्या खणात उतरलेलं. सपना दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसली होती. तिचे डोळे मिक्सरच्या वायरीवर होते.

"प्लग कोणी काढला?"

"सपना, आधी मी काय केलंय ते तर बघ."

"तेच बघून राहिले."

"तसं न्हाई. हे बघ." त्याने वडीचं ताट पुढे केलं. "आपला बार! खास तुझ्यासाठी."

सपनाने ताटाचा वास घेतला. "ही पेंड हाय. ही तर जनावराला घालतात."

"तेल काढलेले शेंगदाणे म्हण त्याला. पुण्यात हेच डब्यात भरून प्रोटीन म्हणून विकतात."

एरवी ती या माणसाशी तासभर भांडली असती. पण उद्या उद्घाटन होतं, आणि रडायलाही सवड नव्हती. ताटांत उरलेलं चॉकलेट पुन्हा साच्यांत भरलं तर निम्म्या पाहुण्यांनाही पुरणार नव्हतं. नव्याने आणायचं तर नांदेड गाठायला हवं, आणि तिथलं चॉकलेटचं दुकान शनिवारी दुपारी बंद. तिने वडीचा कोपरा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला, भिंतीकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली.

"बोटाएवढे तुकडे करा. काही बोलू नका. आज संध्याकाळपर्यंत तुमच्या तोंडातून आवाज आला तर मी माहेरी जाईन अन् जाताना फ्रीज घेऊन जाईन."

तिने उरलेलं चॉकलेट गरम पाण्यावर ठेवून पुन्हा पातळ केलं, वडीचा एकेक तुकडा त्यात बुडवून काढला, वर काट्याने रेघा ओढल्या आणि फ्रीजमध्ये लावला. रत्नपाल तुकडे पाडत राहिला. बोलायचं नव्हतं म्हणून तो मधून मधून नुसता मान डोलवत होता.

रविवारी वारंगा फाट्यावर सोहेलच्या वडिलांनी, फकीरचाचांनी, फीत कापली. फकीरचाचांचा दुधाचा जुना धंदा, दुकानाच्या मागेच त्यांचा गोठा. माणसं पुष्कळ जमली होती. हॉटेलवाले, शेजारच्या शाळेचे देविदास गुरुजी, टेम्पो चालवणारे पुंजाजी, नांदेडकडे जाता जाता सावली बघून थांबलेले प्रवासी. सपना कोपऱ्यात उभी होती. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. सोहेलने रंगवून आणलेली पाटी टेबलाखाली उलटी ठेवली होती, आणि तिची नजर फिरून फिरून तिथेच जात होती.

रत्नपालने आईची सूचना कसोशीने पाळली. तो प्रत्येकाला आपल्या हाताने भरवत होता, पाठीवरून हात फिरवत होता आणि 'घ्या राजे, घ्या' असं गोड बोलत होता. देविदास गुरुजी जरा मागे सरले, पण त्याने त्यांच्या मानेखालीही थोडं खाजवल्यासारखं केलं आणि वडी तोंडात सारली. नंतर प्रत्येकाला पिंपाकडे नेऊन पाणी पाजलं.

आणि मग नवल घडलं. माणसं थांबली, चावली आणि पुन्हा हात पुढे करू लागली. "आत काय हाय हो हे?" "कुरकुरीत पन हाय!" पुंजाजींनी तर खाल्ले ते खाल्ले, वर खिशातही भरले. गुरुजींनी सांगितलं की असा पदार्थ त्यांनी हैदराबादेतही खाल्लेला नाही. सोहेल हसत हसत वाकला, टेबलाखालची पाटी काढून त्याने सुलटी केली. 'सपना चॉकलेट्स.' सपनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रत्नपालने छाती अशी काढली की शर्टाचं एक बटण सुटलं.

तेवढ्यात जीपमधून कमलबाई उतरल्या.

"माय, आधी तोंड उघड!" म्हणत रत्नपाल धावला. त्याने आईला भरवलं आणि तिच्याही पाठीवर हात फिरवला. कमलबाईंनी एक घास चावला. वरचं चॉकलेट गोड लागलं, त्या हसल्या. मग दाढ आत उतरली आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी तोंडातला घास हातावर काढला, उन्हात धरून पाहिला.

"रतन, हे आतलं काय हाय?"

"तूच तर सांगितली रीत."

"ती मी म्हशीसाठी सांगितली व्हती!"

हायवेवरचे ट्रकसुद्धा जणू दबकत गेले. देविदास गुरुजींचा घास वर जावा की खाली हे ठरेना. पुंजाजी खिशात हात घालून तसेच उभे राहिले, मग त्यांनी सावकाश विचारलं, "कोणाच्या म्हशीसाठी?" ज्यांच्या पाठीवरून हात फिरला होता ते एकमेकांच्या पाठीकडे बघू लागले. एकाने हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला. सोहेलच्या हातात पाटी अर्धवट वर गेलेली, ती तिथेच राहिली. सपना रत्नपालकडे बघत होती, आणि ते बघणं त्याला फ्रीजपुढच्या किंकाळीपेक्षा भारी पडलं.

"पर माय," रत्नपालचा आवाज चिरकला, "बाबा मला द्यायचे ती वडी? चमकी कागदातली? गाईचं चित्र असलेली?"

"जनावराला चाटायला देतात त्या वडीवर गाईचंच चित्र असणार की! वाघाचं असंल का?" कमलबाई कपाळाला हात लावून बाकावर बसल्या. "कंपनीचा माणूस दवाखान्यात नमुने टाकून जायचा. तुला शेजारच्या लेकरासारखं चॉकलेट पाहिजे व्हतं. रडून रडून घर डोक्यावर घ्यायचास. तुझ्या बापाला ते आणायला जमत नव्हतं रे. मग त्यांनी डॉक्टरसायेबाला इचारलं, लेकराला चालंल का? सायेब म्हणले, गूळ अन् पेंडच हाय, तकलीफ काही न्हाई. मग रोज तुकडा फोडायचे, नीट पुसायचे, अन् पुन्हा त्याच कागदात गुंडाळून आणायचे."

रत्नपाल पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्याला वडिलांचा तो पिशवीत जाणारा हात दिसला आणि तो आईशेजारी बाकावर बसला. स्वित्झर्लंड गेलं ते गेलं, पण बाबा होते त्याहून मोठे झाले होते. कचेरीत आता काय सांगायचं हा प्रश्न मात्र उरलाच.

सगळ्यांच्या आधी सावरले ते फकीरचाचा. ते आधी खांदे हलवत हसले, मग पोट धरून हसले, आणि त्यांनी ताटातली आणखी एक वडी उचलून तोंडात टाकली. "अरे भाई, गूळ-पेंड हाय, जहर थोडीच हाय? दुष्काळात आमी पेंड खाऊनच मोठे झालो. बहू, लय झकास बनवलंय तुमी." चाचांनी खाल्ली म्हटल्यावर गुरुजींनी घास गिळला. पुंजाजींनी खिसा चाचपून पाहिला आणि आतलं काही बाहेर काढलं नाही. हसू एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि सोहेलने पाटी उचलून कपाटावर टेकवली. सपनाने हातातल्या रुमालाचा पीळ सोडला.

इथे रत्नपालने पाण्याचा पेला तोंडाला लावला असता तर सगळं गोडीत संपलं असतं. पण त्याने घसा खाकरला. "बघितलं? म्हणजे मी इतकी वर्षं सांगत होतो ते खरंच ठरलं ना? चव बारचीच आवडली लोकांना. चॉकलेट काय, वरचा रंग आहे. सोहेल, पाटीवर माझं बी नाव घाल खाली. बारीक अक्षरात चालंल."

सपनाने वळून पाहिलं. "चव तुमच्या वडीची?"

"मग? विचार कुणालाही."

"माणसाला कशाला विचारायचं?" फकीरचाचा डोळे मिचकावत म्हणाले. "वडी म्हशीची हाय तर इन्साफ म्हैसच करंल. चला मागं."

सगळी मंडळी गोठ्याकडे निघाली. सपनाने डब्यातला, चॉकलेट पुरलं नाही म्हणून कोरा राहिलेला तुकडा रत्नपालच्या हातावर ठेवला. चाचांची काळीभोर म्हैस रवंथ करत उभी होती. रत्नपालने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मानेखाली खाजवलं, 'घ्या राजे' म्हणाला आणि तुकडा तिच्या तोंडापाशी धरला. म्हशीने वास घेतला. पुन्हा घेतला. जोरात फुरफुरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. रत्नपाल भिंतीच्या बाजूने गेला, तर तिने नाकाने तुकडा बाजूला सारला, त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेलं सपनाचं चॉकलेट खरखरीत जिभेने साफ चाटून काढलं आणि आणखी कुठे आहे का ते हुंगू लागली. सोहेल हसत हसत पाटीला खिळे मारायला पळाला.

"मालाचा दोष न्हाई," रत्नपाल बाही पुसत म्हणाला. "ही म्हैसच नखरेल दिसते. माय, सांग ह्यांना, आपली म्हैस कशी आवडीनं खायची."

कमलबाईंनी पदराने डोळे टिपले. त्या हसत होत्या का रडत होत्या, कुणालाच कळलं नाही.

"आपली कुठं खायची रे लेकरा? साऱ्या गावची जनावरं खायची, आपलीच तेवढी तोंड लावत नव्हती. आणलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणूनच तर तुझ्या बापानं पहिल्या डावाला तुला देऊन पाहिलं."